मैदानावरच्या मुलींचे कोण ऐकणार?

महोदय,
राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या स्पर्धांसाठी खानापूर, निपाणीकडच्या मुली पहाटेची बस धरतात. वजनगटात बसायला उपाशी राहायचे, वर एनर्जी ड्रिंक ढोसायचे, हे पालकांना दिसते. वजन उतरवायला घेतात त्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर डोपिंगच्या बंदी-यादीत आहेत. पण मुलींना हे सांगणार कोण? सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या वयात लागलेली दारू-निकोटीनची सवय सहजी सुटत नाही. त्यात मुलगी म्हटल्यावर घरी बोलायचीही चोरी! विद्यापीठाने संघाबरोबर मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या समुपदेशक बाई द्याव्यात. तोवर निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मुलींच्या चेंजिंग रूमच्या दारावर लावा. फोन फुकट लागतो.
— एका खेळाडूचे वडील, बेळगाव