खालच्या वावराबद्दल

बाक निन्ह, व्हिएतनाम

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

काकांच्या मनात खालचं वावर प्लॉटिंगवाल्याला द्यायचं आहे, हे आईकडून कळलं. तुम्ही माझं मत विचारलंत. फोनवर घाईत बोलण्यापेक्षा सविस्तर लिहिते, कारण मी ज्या गावात खोली घेऊन राहते तिथली शेती कारखान्यांत गेली आहे, आणि जमीन गेल्यावर घराघरांत काय होतं ते मला रोज दिसतं.

हा हॅनोईजवळचा, तांबड्या नदीच्या खोऱ्यातला भाताचा मुलूख. पूर्वी इथे सामुदायिक शेती होती. 1986 पासून धोरण बदलत गेलं, 1988 मध्ये रानं कुटुंबांकडे कसायला आली, आणि बाहेरून धान्य आणणारा हा देश 1989 पासून तांदूळ बाहेर पाठवू लागला. माणसं तीच, माती तीच. आपल्या कष्टाचं आपल्या घरात येणार म्हटल्यावर हात कसे चालतात ते बघा! 1993 च्या कायद्याने 20 वर्षांचा कसण्याचा हक्क लेखी मिळाला. तो गहाण ठेवता येतो, मुलाबाळांना देता येतो. मालकी मात्र आजही सरकारच्याच हातात. वाटणीत चांगलं-वाईट रान सगळ्यांना सारखं यावं म्हणून इतके तुकडे पडले की एका घराची शेती चार दिशांना. इथलं माप साओ, म्हणजे 360 चौरस मीटर, आपले साडेतीन गुंठे. बहुतेकांकडे असे मोजकेच साओ.

मग कारखाने आले. येन फोंगला सॅमसंगचा फोनचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला आणि त्याच्यामागे सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली. देशाची शहरी वस्ती 2009 मध्ये शंभरात तीस होती, 2019 च्या जनगणनेत 34 च्या वर गेली. मला हा आकडा कमीच वाटतो, कारण आमच्यासारखी गावं कागदावर अजून गावंच आहेत आणि संध्याकाळी पाळी सुटली की गल्लीत मोटारसायकलींमुळे पाय ठेवायला जागा नसते.

आमच्या घरमालकीणबाईंची सगळी भातखाचरं गेली. पण गावठाणातलं घर आणि मागची परसबाग राहिली. त्यांनी मोबदल्यातून परसात खोल्यांची चाळ बांधली: दहा बाय बारा, वर पत्रा, कोपऱ्यात मोरी. सगळ्या खोल्या भरलेल्या. त्यांचं बरं चाललंय. आतल्या गल्लीत त्यांच्या दिराचं घर. पैसे त्यांनाही तेवढेच मिळाले. त्यांनी तीन मजली घर उठवलं, दोन मोटारसायकली घेतल्या, मुलीचं लग्न केलं, आणि रक्कम संपली. खोल्या काढायला मागे जागा नाही. कारखान्याच्या भरतीच्या पाटीवर वय 18 ते 35. जमीन गेली तेव्हा ते चाळिशीचे होते. आता दुसऱ्यांच्या बांधकामावर विटा वाहतात. एकाच आईची दोन लेकरं, एकाच दराने जमीन गेली! हे पाहून मला फार वाईट वाटतं, आणि काकांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो.

माझ्या शेजारच्या खोलीत थान्ह होआ प्रांतातली एक मुलगी राहते. तिचा चार वर्षांचा मुलगा आजीकडे, गावी. रात्री जेवताना ती फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवते आणि तो तिकडे जेवतो, ही इकडे. तिच्या पगारावर गावचं घर पक्कं झालं. तिकडचा रस्ता, वीज, शाळाही सुधारली. 2010 पासून सरकारने गावांसाठी 19 निकष ठरवून तसं काम चालवलंय, आणि ते खरंच दिसतं. पण कामधंदा इकडेच, त्यामुळे लेकरू तिकडे.

इथे सरकारने जमीन घ्यायची ठरवली की भाव सरकारचा आणि शेतकऱ्याला नाही म्हणता येत नाही. दराबद्दल इतकी ओरड झाली की 2024 मध्ये कायदा बदलावा लागला. हॅनोईच्या पलीकडे तेव्हाच्या विन्ह फुक प्रांतात मात्र घेतलेल्या जमिनीमागे धंद्यासाठी थोडी जागा परत देत. दि. बा. पाटलांच्या लढ्यानंतर नवी मुंबईत साडेबारा टक्के जमीन परत मिळाली, तसंच. जिथे जागा परत मिळाली तिथे घरं सावरली, एवढं मला स्पष्ट दिसतं.

अण्णा, तुमच्यापुढे सरकार नाही, दलाल आहे. त्याला नाही म्हणता येतं. माझं मत असं: रस्त्याकडेचा पट्टा अजिबात सोडू नका. काकांना पैशाची खरंच निकड असेल तर आतला थोडा भाग द्या, आणि तोही मोजणी करून, खातेफोड झाल्यावर. तोवर इसार घेऊ नका. आत्याचाही हिस्सा आहे, तिला बसवून बोला, नुसता सहीसाठी कागद पाठवू नका. चाकणला दारात गाडी आणि वर्षभरात रिकामा हात, अशी घरं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलीत.

आणखी एक. इथे 2003 च्या कायद्यापासून जमिनीच्या लाल पुस्तकात, म्हणजे हक्काच्या दाखल्यात, नवराबायको दोघांची नावं लागतात. मालकीणबाईंची सही लागली म्हणूनच परस वाचलं, नाहीतर नवरा तेही विकायला निघाला होता. आपल्याकडे लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव सातबाऱ्यावर बिनखर्चाने लावता येतं. पुढच्या आठवड्यात तलाठ्याकडे जाल तेव्हा आईलाही बरोबर न्या आणि अर्ज देऊनच या. नोंदीचा फोटो मला पाठवा.

काकांना, आत्याला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची,
सुमन