दिल्लीतल्या तीन दिवसांच्या मुक्कामाविषयी

हैदराबाद,
२१ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फेब्रुवारीत तुम्ही दोघे दिल्लीला निघालात, हे कळल्यापासून मला फार आनंद झाला आहे. नाशिकरोडहून राजधानीची तिकिटे मिळाली हे तर उत्तमच झाले, कारण ती गाडी रात्रभर धावून सकाळी दहाच्या सुमारास हजरत निजामुद्दीनला पोहोचते आणि पहिला दिवस हातचा जात नाही. बाबा, तुम्ही महिपालपूरच्या हॉटेलची माहिती पाठवून माझे मत विचारलेत. नोकरीच्या निमित्ताने मी दिल्लीत काही वर्षे गाडीवाचूनच राहिले, त्यामुळे या बाबतीत मला थोडे सविस्तर सांगायचे आहे. फोनवर बोलताना अर्धे सांगायचे राहून जाते, म्हणून पत्र लिहीत आहे.

महिपालपूरचे हॉटेल स्वस्त आहे आणि छायाचित्रांत खोलीही नीटनेटकी दिसते, यात शंका नाही. परंतु ती वस्ती विमानतळाला लागून, मोठ्या महामार्गाच्या कडेला आहे आणि तिथली बहुतेक हॉटेले पहाटेचे विमान गाठणाऱ्या प्रवाशांसाठी आहेत. जवळात जवळचे मेट्रो स्थानक एरोसिटीचे, आणि तिथवर पायी जायचे म्हणजे वाहनांची रीघ लागलेला तो महामार्ग ओलांडायचा. तुम्ही आगगाडीने येणार आहात, विमानाने नाही. म्हणजे दररोज सकाळी रिक्षा शोधा, मेट्रो गाठा, शहरात जा आणि संध्याकाळी दमून-भागून हाच क्रम उलटा करा, असे होईल. खोलीच्या भाड्यात वाचलेले पैसे रिक्षात आणि टॅक्सीत जातील; गेलेला वेळ आणि आईच्या गुडघ्यांवर पडलेला ताण तर कशानेच भरून येणार नाही.

नोएडाच्या काकांकडे उतरण्याचा विचारही तुमच्या मनात आहे, असे आई म्हणाली. काका-काकू प्रेमाने करतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्यांच्या घरापासून स्थानक, तिथून मेट्रोच्या निळ्या मार्गिकेने यमुना ओलांडून शहराच्या मध्यावरचा राजीव चौक, आणि पुन्हा परत, यात दिवसाचे दोन-अडीच तास सहज जातात. शिवाय कुणाच्या घरी उतरले की त्यांच्या जेवणाच्या आणि झोपण्याच्या वेळा सांभाळाव्या लागतात, त्यांनाही आपल्यासाठी थांबावे लागते. एका संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला जा आणि रात्री काका तुम्हाला मुक्कामावर आणून सोडतील असे आधीच ठरवा. मी काकूंशी बोलून घेईन, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही.

मध्यवर्ती भागांपैकी पहाडगंज सर्वांत स्वस्त आणि नवी दिल्ली स्थानकाला अगदी खेटून आहे. तरुणपणी मैत्रिणींबरोबर तिथे राहायला काहीच हरकत नाही. पण मेन बाजारच्या अरुंद रस्त्यावर हातगाड्या, सायकलरिक्षा आणि ई-रिक्षा यांच्यातून वाट काढत दिवसातून चार वेळा जाणे तुम्हाला जमेल, तरी सुखाचे होणार नाही. करोल बाग त्यापेक्षा पुष्कळ बरे. कुटुंबे तिथे उतरतात, शाकाहारी जेवणाची सोय हमखास असते आणि करोल बागेपासून राजीव चौक हे तिसरेच स्थानक आहे. मी पुढे सुचवते आहे त्या जनपथच्या बाजूला काही मिळाले नाही, तर करोल बाग हीच माझी दुसरी पसंती राहील; मात्र तिथे हॉटेल निवडताना ते स्थानकापासून किती आत, कोणत्या गल्लीत आहे, हे नकाशावर मोजून घ्यावे लागेल, कारण ‘मेट्रोजवळ’ असे लिहिणारे हॉटेल प्रत्यक्षात वीस मिनिटांच्या चालीवरही असू शकते.

मला मनापासून वाटते की तुम्ही जनपथ आणि पटेल चौक या दोन मेट्रो स्थानकांच्या मधल्या भागात उतरावे. जयसिंग रोड, संसद मार्ग, अशोक रोड हा तो भाग. रस्ते रुंद, पदपथ बऱ्यापैकी सपाट, दोन्ही बाजूंना झाडे. जनपथ स्थानक जांभळ्या मार्गिकेवर आहे आणि पटेल चौक पिवळ्या मार्गिकेवर, त्यामुळे तुम्हाला जे जे पाहायचे आहे त्यातले बहुतेक सारे गाडी न बदलता गाठता येते. जनपथहून एका बाजूला पाचवे स्थानक लाल किल्ला आणि त्याच्या आधीचे जामा मशीद. दुसऱ्या बाजूला पुढचेच स्थानक केंद्रीय सचिवालय. पटेल चौकातून पिवळ्या मार्गिकेने दक्षिणेकडे गेलात की आयएनए स्थानकाला लागून दिल्ली हाट आहे, जिथे आईला देशभरच्या हातमागाच्या साड्या एकाच आवारात पाहता येतील, आणि त्याच मार्गिकेवर पुढे कुतुबमिनार; तिथे मात्र स्थानकापासून रिक्षा करावी लागते.

गाडी बदलावी लागू नये, यावर मी इतका भर का देते, तेही सांगते. राजीव चौक हे दिल्ली मेट्रोचे सर्वांत गजबजलेले ठिकाण आहे. पिवळी मार्गिका एका मजल्यावर आणि निळी दुसऱ्या मजल्यावर. वाट चुकू नये म्हणून जमिनीवर रंगीत पावलांचे ठसे उमटवलेले आहेत. परंतु संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर ते ठसे माणसांच्या पायांखाली दिसेनासे होतात आणि गर्दी आपल्याला पुढे ढकलत नेते. तुम्हाला संध्याकाळच्या दादरचीच आठवण येईल. जिने आहेत, सरकते जिने आहेत, लिफ्टही आहे, पण ती शोधत थांबायला त्या वेळी कुणी जागा देत नाही. सकाळी अकरा ते दुपारी चारपर्यंत हेच स्थानक अगदी सुसह्य असते. करोल बागेत राहिलात तर दररोज येता-जाता तिथेच गाडी बदलावी लागेल. जनपथजवळ राहिलात तर क्वचितच.

पण या जागेचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा दुपारचा आहे. प्रवासात सकाळी बाहेर पडल्यावर रात्रीच परतायचे, असा तुमचा शिरस्ता आहे, कारण इतकी वर्षे आपण ज्या ज्या ठिकाणी उतरलो ती सारी मुख्य गावापासून लांबच असत. यावेळी तसे करू नका. सकाळी आठ-साडेआठला बाहेर पडावे, एक ठिकाण निवांतपणे पाहावे, दीडच्या सुमारास खोलीवर परतून जेवून आईने तासभर पाय लांब करून पडावे, आणि चारनंतर पुन्हा निघावे. गाडी नसलेल्या माणसाला हे तेव्हाच शक्य होते, जेव्हा मुक्काम शहराच्या मध्यावर असतो. आई, डॉक्टरांनी तुला सलग चालायचे नाही असे बजावले आहे; थांबत थांबत चालायला त्यांची ना नाही. मध्ये अशी विश्रांती मिळाली तर तू चांदणी चौकही पाहू शकशील. लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतच्या त्या रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी असते, त्यामुळे सायकलरिक्षात बसून तो सगळा सावकाश बघता येतो.

बाबा, तुमच्यासाठी तर जयसिंग रोडवर राहणे हीच एक पर्वणी आहे. जंतरमंतर तिथून पायी काही मिनिटांवर आहे. भूगोल शिकवताना छायासूर्यघड्याळ तुम्ही वर्गात पुठ्ठ्याचे करून दाखवत असत. त्याचे प्रचंड रूप असलेले सम्राट यंत्र तिथे सकाळच्या उन्हात उभे असते आणि त्याची सावली सरकताना डोळ्यांनी दिसते. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात ही वेधशाळा बांधली. तालकटोराही तिथून रिक्षाने जवळ आहे. १७३७ मध्ये पहिले बाजीराव दिल्लीवर चालून गेले तेव्हा मोगल फौजेशी त्यांची गाठ पडली ती याच परिसरात, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन भरले तेही तालकटोरा स्टेडियममध्येच. तेव्हा टीव्हीसमोरून तुम्ही हलला नव्हता, म्हणून मुद्दाम कळवते.

राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांसाठी खुले असते. प्रवेशिका विनामूल्य असते, पण दिवस आणि वेळ आधी ऑनलाइन नोंदवून ठेवलेली बरी. तारखा जाहीर झाल्या की ते मी इथून करून ठेवीन. तिथे जायचेही केंद्रीय सचिवालय स्थानकावरून, म्हणजे जनपथहून एकच स्थानक. सोमवारी लाल किल्ला आणि उद्यान दोन्ही बंद असतात, तेवढे लक्षात ठेवून तुमच्या दिवसांची आखणी करू.

महाराष्ट्र सदनात खोली मिळेल का, असे बाबांनी विचारले आहे. कस्तुरबा गांधी मार्गावरचे नवे सदन इंडिया गेटच्या बाजूला आहे, तिथून मेट्रो पायी जरा लांबच पडते. शिवाय त्या दिवसांत संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन असते, आणि मंत्री व अधिकारी यांची सोय झाल्यावर जे उरेल त्यावर विसंबून राहणे मला बरे वाटत नाही. जेवायला मात्र एकदा अवश्य जा. जयसिंग रोडवर वायएमसीएचे जुने टुरिस्ट हॉस्टेल आहे; पहिली चौकशी मी तिथे करणार आहे. अशोक रोडवरचा बंगला साहिब गुरुद्वाराही त्याच परिसरात असल्यामुळे पहाटे सरोवराकाठी बसता येईल, आणि लंगरमध्ये पंगतीत जेवायला आईला नक्की आवडेल.

या भागाची एक अडचण आहे, ती लपवत नाही. जंतरमंतर रोडवर निदर्शने असली किंवा सुरक्षेचे काही कारण निघाले, तर पोलीस रस्ते अडवतात आणि कधीकधी मेट्रो स्थानकाची काही दारे बंद ठेवतात. अशा वेळी गोंधळून जाऊ नका. दोन स्थानके हाताशी असल्याने एक बंद असले तरी दुसऱ्याकडे जाता येते.

आता भाड्याचा प्रश्न. महिपालपूरपेक्षा इथे खोली बरीच महाग पडेल, हे मला ठाऊक आहे, आणि माझ्याकडून पैसे घेणे बाबांना आवडत नाही हेही ठाऊक आहे. तरीही ही तीन रात्रींची खोली माझ्याकडून असू द्या. तुम्ही मला शिक्षणासाठी परगावी पाठवलेत, तेव्हा बसथांबा दारात असलेले महाग वसतिगृह निवडलेत आणि घरच्या बाकीच्या खर्चात काटकसर केलीत. ते मी विसरलेले नाही.

आरक्षणापूर्वी मी हॉटेलला फोन करून काही गोष्टी विचारून घेईन: खोलीच्या मजल्यापर्यंत लिफ्ट जाते का, की शेवटचा मजला जिन्याने चढावा लागतो, कमोड आहे ना, गरम पाणी दिवसभर असते की ठरावीक वेळीच, तुम्ही अकराच्या सुमारास पोहोचाल तेव्हा खोली मिळेल का, आणि न मिळाल्यास सामान ठेवून घेतील का. निजामुद्दीनहून मुक्कामापर्यंत सामानासह मेट्रोच्या भानगडीत पडू नका, सरळ प्रीपेड टॅक्सी करा. ‘तुमचे हॉटेल बंद झाले आहे, दुसरे दाखवतो’ असे कुणी म्हणाले तर हसून पुढे व्हा. मेट्रोसाठी दोघांची दोन वेगळी कार्डे घ्या, कारण एका कार्डावर एकालाच जाता येते. पुढच्या, बायकांच्या डब्यात आईला एकटीला बसवू नका. साध्या डब्यात ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात आणि मागितल्या की लोक उठतात. प्रत्येक स्थानकावर लिफ्ट असते, पण सगळ्या दारांशी नसते, म्हणून तुमच्या यादीतल्या प्रत्येक स्थानकाच्या पुढे लिफ्टच्या दाराचा क्रमांक मी मोठ्या अक्षरांत लिहून पाठवीन.

तुम्ही नेमक्या कोणत्या तीन रात्री राहणार आणि परतीची गाडी कोणत्या वारी आहे, एवढे या आठवड्यात कळवा, म्हणजे खोली वेळेत नोंदवता येईल. थंडी ओसरत असली तरी सकाळी गारठा असतो, तेव्हा आईची जाड शाल आणि बाबांची कानटोपी बरोबर असू द्या.

तुमची लेक