खुराड्यातल्या मधल्या जाळीबद्दल आभार

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार.

त्या संध्याकाळी तुम्ही टॉर्च घेऊन आमच्या खुराड्यापाशी ओणव्या झालात, तेव्हा आभार मानण्याचे भान मला नव्हते. नंतर दोनदा प्रयत्न केला, परंतु दोन्ही वेळा तुम्ही बोलणे खाद्याकडे आणि भुशाकडे वळवलेत. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघडे ठेवण्याचे कारण इतकेच की, माझ्यासारखीच चूक करण्याच्या बेतात असलेल्या एखाद्याला तुमचा सल्ला वेळेवर मिळावा.

चूक सांगायला हवी. काळ्या कोंबडीची पिल्ले तीन आठवड्यांची असताना त्याच खुराड्यात तांबडी आणि ठिपकेवाली अशा दोघी एकदमच खुडूक झाल्या, म्हणजे अंडी उबवायला बसू लागल्या. आयांना आपले आपण कळते अशा समजुतीने मी दोघींना शेजारीशेजारी अंड्यांवर बसवले आणि निर्धास्त राहिले. प्रत्यक्षात इतर कोंबड्या त्यांच्याच घरट्यांत रोज नवी अंडी घालत होत्या, खाण्यापाण्यासाठी उठलेली तांबडी परतताना ठिपकेवालीच्या जागी बसत होती, आणि अंड्यांचे वय असे मिसळले की 21 दिवसांचा हिशेब कोणत्याच अंड्याला लागू पडेना. पहिली चार पिल्ले निघताच त्यांना घेऊन तांबडी खाली उतरली आणि मागे सात अंडी उघडी पडली. त्या चारांपैकी दोन पिल्ले काळीच्या पिल्लांत शिरली. काळीने ती टोचून मारली.

तुम्ही आलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "कुठलं अंडं कुठल्या दिवशी ठेवलंस?" मला उत्तर देता आले नाही, तरी तुम्ही रागावला नाहीत. एकेक अंडे टॉर्चवर धरून पाहिलेत. दोन अगदी स्वच्छ निघाली, म्हणजे त्यांत जीव धरलाच नव्हता. उरलेल्या पाचांत खालचा भाग गडद आणि वरची हवेची पोकळी स्पष्ट दिसत होती, आणि एका अंड्यात तर त्या पोकळीची कडा हलताना तुम्ही मला दाखवलीत. गार लागणारी ती पाचही अंडी तुम्ही अंधारात ठिपकेवालीच्या पोटाखाली सरकवलीत. पुढच्या दोन दिवसांत त्यांतून तीन पिल्ले निघाली.

तांबडीला मी निर्दय म्हणाले होते, त्यावर तुम्ही जे समजावलेत ते मला फार मोलाचे वाटते. बाहेर पडण्याआधी पिल्लू बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन दिवस सहज काढते. त्यामुळेच आईला मागून निघणाऱ्यांसाठी थांबता येते. मात्र त्यानंतर निघालेल्या पिल्लांना दाणापाण्याकडे नेणे तिला भागच असते, आणि चार-पाच दिवस मागे असलेले अंडे तिने सोडले तर तो दोष अंडी सरमिसळ होऊ देणाऱ्याचा, म्हणजे माझा. दुसरीचे पिल्लू आई स्वीकारते तेही याच एक-दोन दिवसांत, शक्यतो रात्री पोटाखाली सरकवले तर. पुढे ती आपली पिल्ले ओळखू लागते आणि परके पिल्लू तिच्या लेखी घुसखोर ठरते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः बारीक जाळी कापून खुराड्याचे तीन भाग करून दिलेत. मी काळीला पिल्लांसह दुसरीकडेच हलवणार होते. तुम्ही ते करू दिले नाहीत, कारण नजरेआड गेलेली कोंबडी परतली की तिला पुन्हा नव्याने भांडावे लागते. जाळीतून एकमेकींना पाहत राहिल्या की ते भांडण पुष्कळसे आधीच विरते. जाळीच्या तळाशी वीतभर उंचीची फळी ठोकलीत, तीही जाळीला टेकून झोपणाऱ्या पिल्लाला पलीकडून चोच लागू नये म्हणून. हे मला कधी सुचले नसते.

खाद्याबाबत मी उलटेच वागत होते. अंडी घालणाऱ्या मोठ्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लेही खात होती, आणि त्यातला जास्तीचा कॅल्शियम कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. तुमच्या सांगण्यावरून सर्वांना स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचे खाद्य, सुरू केले आणि अंडी घालणाऱ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या, उंच टांगलेल्या भांड्यात ठेवला. पाण्याच्या ताटलीत खडे घातले. काम करण्याचा क्रमही बदलला. आधी सर्वांत लहान पिल्ले, मग मोठी, शेवटी कोंबड्या. मोठ्या पिल्लांच्या अंगी रक्ती हगवणीविरुद्ध ताकद आलेली असली तरी त्यांच्या विष्ठेतून रोग बाहेर पडत राहतो, ओल्या उबदार भुशात तो एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगा होतो, आणि माझ्या चपलांनी तो लहानांपर्यंत पोहोचत होता. आता भुशाची गादी ओली दिसली की तेवढा भाग त्याच दिवशी काढते.

लहान पिल्ले पाच आठवड्यांची झाल्यावर जाळी काढली. त्याआधी केवळ त्यांनाच शिरता येईल अशी फट ठेवलेला कोपरा तयार केला होता. मोठी पिल्ले अंगावर आली की ती तिथे पळत, खात आणि पुन्हा बाहेर येत. पहिले दोन दिवस पळापळ झाली, रक्त मात्र कोणाचेही निघाले नाही.

एकच सल्ला मी मानला नव्हता. तिघींपैकी एकीची खूड मोडावी, तिला काही दिवस तळाला जाळी असलेल्या उंच पिंजऱ्यात ठेवावे, असे तुम्ही म्हणाला होतात. माझे मन झाले नाही. परिणामी पिल्लांना सोडताच काळी अंडी घालू लागली, तर ठिपकेवाली पुन्हा बसली आहे. या खेपेस तिला जाळीमागे एकटी ठेवली आहे, खाली नऊ अंडी आहेत, नऊंवर पेन्सिलीने एकच तारीख आहे, आणि तारीख नसलेले अंडे रोज संध्याकाळी उचलते. येत्या रविवारी सातवा दिवस आहे. जीव धरलेले अंडे मला अजून खात्रीने ओळखता येत नाही, तेव्हा अंधार पडल्यावर याल का?

आपली नम्र,
पलीकडच्या घरातली शेजारीण