बाबा, पायवाटेवर आईला पुढे चालू द्या

प्रिय आई-बाबा,

तुम्ही दोघं झाडीतल्या पायवाटेवर फिरायला लागलात हे ऐकून इतकं बरं वाटलं ना, फोनवर सगळं बोलता आलं नाही म्हणून आता सविस्तर लिहितेय. बाबा, तुमचं ते "अख्खी वाट अर्ध्या तासात संपवली" ऐकून मात्र काळजी वाटली. आई मागे धापा टाकत होती, हे तिने मला नंतर सांगितलं, तुमच्यासमोर ती कधीच बोलणार नाही.

आत्ता काय होतं बघा, तुम्ही पुढे जाता, वळणावर थांबता, आई येईपर्यंत तुमचा दम खाऊन होतो आणि ती पोचली रे पोचली की तुम्ही "चला" म्हणून निघता. म्हणजे तुम्हाला दर वळणावर विश्रांती आणि जिला खरी गरज आहे तिला एकदाही नाही. म्हणून आईला पुढे चालू द्या आणि तुम्ही चार पावलं मागे राहा, अगदी टाचेला टाच लावून नको, नाहीतर तिला मागून घाई केल्यासारखं होईल. वेग बरोबर आहे की नाही ते बघायला घड्याळ नको, चालताना आरामात गप्पा मारता आल्या पाहिजेत, वाक्य अर्धवट तुटायला लागलं की हळू व्हायचं.

आणि हळू चाललं तर व्यायाम फुकट जातो असं अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींमध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहेच, पण त्याशिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम करा असंही म्हटलंय. डांबरी रस्त्यावर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं, पायवाटेवर मुळं, खडे, चढ-उतार, त्यामुळे घोट्याला आणि कंबरेला सतत सावरून घ्यावं लागतं, तोलाला थोडं काम मिळतं ते असं.

उतारावर दोघंही जपा. चढताना दम लागतो पण गुडघ्यावर खरा भार उतरताना येतो. पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, आणि काठी घ्याच, त्यात कमीपणा कसला? सपाटीवर काठी धरली की कोपर काटकोनात आलं पाहिजे, उतारावर ती थोडी लांब करायची.

बाबा, तुमचा प्रोग्रेसिव्ह चष्मा! त्यात एकाच काचेचा वरचा भाग लांबचं बघायला आणि खालचा भाग वाचायला असतो, त्यामुळे पायाशी बघताना जमीन धूसर दिसते आणि नेमकं तिथेच मूळ आडवं येतं. नुसते डोळे खाली करू नका, मान वाकवून वरच्या काचेतून बघा. फिरण्यासाठी फक्त लांबचा वेगळा चष्मा करून घेतलात तर फारच छान.

पाणी तहान लागायच्या आधीच प्या, वयानुसार तहान कमी जाणवते. आई तुझी बीपीची गोळी आहे, तेव्हा बसून उठताना आधी पाय हलव, मग सावकाश उभी राहा. छातीत दडपण किंवा चक्कर आली तर "थोडंच राहिलंय" करत पुढे जायचं नाही, तिथेच बसायचं आणि लगेच मदतीला फोन करायचा, म्हणून रेंज कुठे येते कुठे नाही ते आधीच बघून ठेवा. दमायच्या आधीच परत फिरायचं, वाट पूर्ण केलीच पाहिजे असं कुठे आहे!

आई, तू पाठवलेला पडलेल्या ओंडक्यावरच्या बुरशीचा फोटो मी झूम करून करून बघितला. तिच्या कडेची ती पांढरट पट्टी म्हणजे नवीन वाढ. पुढच्या वेळी तिथे थांबून बघ पट्टी रुंद झालीय का, बाबांनाही दाखव, खाली वाकायला लावू नकोस फक्त.

रविवारी फोन करते, तोवर चष्म्याच्या दुकानात जाऊन या.

तुमची,
मनू