आठ इंचांच्या मेखेवरचे बुजगावणे : एक तक्रार पत्र

एडिसन, न्यू जर्सी
दि. २६ ऑक्टोबर

प्रति,
व्यवस्थापक

विषय : हॅलोविनच्या बुजगावण्यांच्या तीन संचांतील कमकुवत मेखा आणि आपल्या ग्राहक सेवा विभागाची वर्तणूक

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा विभागाशी माझे तिसऱ्यांदा बोलणे झाले आणि फोन ठेवल्याबरोबर हे पत्र लिहावयास बसलो आहे. आपल्या कंपनीचे चालक मूळचे मराठी आहेत, असे आपण आपल्या माहितीपत्रकात अभिमानाने छापले आहे. म्हणून हे पत्र मराठीत लिहिले आहे, जेणेकरून ते मधल्या मध्ये न अडकता निर्णय घेणाऱ्या माणसाच्या हाती पडावे.

संच आपलाच असल्यामुळे त्याचे वर्णन करीत बसत नाही. आपण दिलेली मेख मातीत जेमतेम आठ इंच जाते आणि तिच्यावर सहा फुटांचा पोकळ खांब, हातांसाठी आडवा दांडा, पेंढा भरलेले धड, गोणपाटाचे डोके आणि अंगभर कपडे एवढा सगळा पसारा उभा राहतो. खोक्यावर मात्र ‘बाहेरच्या सजावटीसाठी मजबूत सांगाडा, ताशी ४० मैल वाऱ्यात टिकणारा’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. हे वाक्य वाचूनच मी एकेक ८९ डॉलरचे तीन संच, म्हणजे एकूण २६७ डॉलरचा माल घेतला.

मागच्या वर्षी पेनसिल्व्हेनियातील लहास्का येथील पेडलर्स व्हिलेजमध्ये दर शरद ऋतूत मांडली जाणारी बुजगावणी मुलांना दाखवून आणली होती, तेव्हापासून आपल्याही अंगणात तशी उभी करायची असा मुलींचा हट्ट होता. आम्ही चौघांनी दोन शनिवार-रविवार त्यात घातले. गव्हाचा कोरडा पेंढा आणला, कारण गवतात बी राहते आणि ते लवकर कुजते. बाह्या आणि पँटचे पाय सुतळीने आवळून बांधले. धाकट्या मुलीने गोणपाटावर रंगाने चेहरा काढला आणि त्या बुजगावण्याला ‘पाटील’ असे नाव दिले.

पाटील सहाव्या रात्री पडले. वादळ नव्हते, पानगळीच्या दिवसांत इकडे नेहमी सुटतो तसा वारा होता आणि जोडीला पाऊस. सकाळी पाहिले तर मेख जमिनीत घट्टच होती, पण मातीच्या वर दोन बोटांवर तिची पातळ नळी चपटी होऊन काटकोनात मुडपली होती. खांब आडवा होऊन त्याचे टोक फुटपाथवर आले होते, आणि गोणपाटावरचा चेहरा चिखलात पालथा पडून रंग ओघळला होता. त्याच आठवड्यात दुसरे बुजगावणे अगदी त्याच जागी मुडपले. तिसरे मी स्वतः उतरवून ठेवले.

पहिल्या फोननंतर आपण बदली मेख पाठवलीत, ती बारा दिवसांनी आली आणि ती तशीच आठ इंचांची, तितक्याच पातळ पत्र्याची होती. दुसऱ्या फोनला ‘तंत्रज्ञ आपल्याशी संपर्क साधतील’ असे सांगण्यात आले. कोणीही साधला नाही.

आता आजच्या बोलण्याविषयी, ज्यामुळे हे पत्र लिहावे लागत आहे. पस्तीस मिनिटे थांबवून ठेवल्यावर आपल्या प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारला, तो असा : “आपण सांगाड्याला कपडे घातले होते का?” मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. मी म्हणालो, “बुजगावणे आहे, कपडे घातलेच होते, शर्ट आणि पँट.” त्यावर टंकलेखनाचा आवाज आला आणि उत्तर मिळाले, “मग तो अतिरिक्त भार धरला जाईल.” मी विचारले, आपल्याच खोक्यावरच्या चित्रातील बुजगावण्याने चौकड्यांचा शर्ट, पँट आणि टोपी घातलेली आहे, त्याचे काय? ते म्हणाले, “ते चित्र केवळ कल्पना यावी म्हणून आहे.” मग त्यांनी पेंढा ओला झाला होता का असे विचारले. पाऊस पडला होता, असे मी सांगितले. “पेंढा ओला होऊ देणे हा अयोग्य वापर ठरतो,” असे ते म्हणाले. मी शांतपणे विचारले की, अंगणात उघड्यावर उभे केलेले बुजगावणे पावसात कोरडे कसे ठेवायचे, ते मला सांगा. दोन क्षण गप्प राहून त्यांनी उत्तर दिले, “बाहेर वापरण्याजोगे म्हणजे खराब हवामानात वापरण्याजोगे, असा त्याचा अर्थ होत नाही, सर.” आणि हे सांगून झाल्यावर, माझे समाधान झाले का, असे विचारून एक ते पाच यांपैकी गुण देण्याची विनंती करण्यात आली.

महोदय, ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. माझे वडील बार्शी तालुक्यात ज्वारीच्या शेतात बुजगावणे उभे करीत, ते आधी पहारीने हातभर खोल खड्डा घेत, बाभळीचा दांडा त्यात रोवत आणि भोवती दगड ठेचून मगच त्याला सदरा घालत. बुजगावण्याचे बळ जमिनीखाली असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. कपड्यांत वारा भरतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. तो सगळा दाब खांबाच्या बुडाशी, म्हणजे आपल्या त्या आठ इंचांच्या मेखेच्या मानेवर येतो. हे आपल्या कारखान्यातील माणसांना ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

शेवटी मी चार फुटांच्या अर्ध्या इंची लोखंडी सळया आणल्या. ठोकण्याआधी ८११ वर, म्हणजे खोदकामापूर्वी जमिनीखालच्या वाहिन्या दाखवून देणाऱ्या सेवेच्या क्रमांकावर, फोन करून अंगणातील वाहिन्यांच्या खुणा विनामूल्य करून घेतल्या, आणि पिवळी खूण, म्हणजे गॅसची वाहिनी, मी निवडलेल्या जागेपासून अवघ्या तीन फुटांवर निघाली. आपल्या सूचनापत्रकात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. खुणांपासून लांब सरकून सळया दोन फूट खोल ठोकल्या, वर राहिलेल्या दोन फुटांवर पाऊण इंची पीव्हीसी पाइप सरकवला, आणि आपल्याच सांगाड्याचे हात व धड त्याला बांधले. एका सळईला दहा डॉलरही लागले नाहीत. परवाच्या वाऱ्यात तिन्ही बुजगावणी जागची हलली नाहीत. जे काम मी एका दुपारी केले, ते ८९ डॉलर घेऊन आपल्याला करता आले नाही.

पैशापेक्षा मला चिंता वेगळ्या गोष्टीची आहे. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, म्हणजे हॅलोविनला, आमच्या गल्लीतून शंभरेक मुले खाऊ मागत अंधारात दारोदार फिरतात, आणि ज्या फुटपाथवर पाटलांचा खांब आडवा पडला त्याच फुटपाथवरून ती चालतात. तो खांब त्या रात्री एखाद्या मुलावर पडला असता तर आपल्या प्रतिनिधीने त्या मुलालाही कपडे घातले होते का, असे विचारले असते काय?

माझ्या मागण्या अशा आहेत. तिन्ही संचांचे २६७ डॉलर परत करावेत; हा संच घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला ३१ तारखेपूर्वी मेखेबाबत सावधगिरीची सूचना पाठवावी; आणि खोक्यावरचा ४० मैलांचा दावा काढून टाकावा. दहा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास न्यू जर्सीच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे मुडपलेल्या मेखांच्या छायाचित्रांसह तक्रार दाखल करीन. या राज्याच्या ग्राहक फसवणूकविरोधी कायद्यात सिद्ध झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाईची तरतूद आहे, हे आपल्या वकिलांना विचारून घ्यावे.

मराठी माणसाची कंपनी म्हणून शेजारच्या चार घरांना मी आपले नाव सुचवले होते. त्यांतील दोघांनी संच घेतला आहे. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन मी ते सांगाडे उतरवून ठेवायला सांगणार आहे, आणि उरलेल्या सळया सोबत नेणार आहे.

आपला,
तीन संचांचा ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, मुडपलेल्या दोन मेखांची छायाचित्रे, खोक्यावरील मजकुराचे छायाचित्र