पावसात मुलांना शाळेत पाठवताना : वाडीतल्या पालकांसाठी सूचना

नमस्कार पालकहो, येत्या १५ जूनला शाळा सुरू होतेय, त्यामुळे हे आधीच वाचून ठेवा.

- पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी साकवावरून (छोट्या पुलावरून) जात असेल तर मुलांना घरीच ठेवा. घोटाभर दिसतं, पण ओढ पाय काढून घेते. एक दिवस बुडाला तरी चालेल.
- पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) चिऱ्यांवर शेवाळ धरलंय. रविवारी सकाळी ८ वाजता घासायला प्रत्येक घरातून एकाने यावं, खराटा घेऊन.
- मुलांना पट्ट्याची सँडल घाला, स्लिपर नको. वाऱ्यात छत्री उलटते, रेनकोटच बरा.
- रेड अलर्ट असला तरी सुट्टी जिल्हाधिकारीच जाहीर करतात. फिरून आलेले मेसेज इथे टाकू नका.
- रिक्षात मुलं कोंबू नका.

अडचणीत १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष) लावा.