तबुलेपुढचं 'ग्लुटेनमुक्त' चिन्ह आणि तुमच्या ग्राहकसेवेची उत्तरं

प्रति,
व्यवस्थापक मंडळ व ग्राहकसेवा विभागप्रमुख

विषय : 'ग्लुटेनमुक्त' चिन्ह छापलेल्या तबुले या सॅलडमध्ये गहू, त्याच चिन्हाचं फलाफल (चण्यांचे तळलेले वडे) गव्हाच्या पदार्थांच्या तेलात, आणि त्यावर तुमच्या माणसांनी दिलेली उत्तरं

तुमच्या ग्राहकसेवेचा फोन आत्ताच ठेवला. त्या नंबरवर मी पुन्हा बोलणार नाही, म्हणून हे लेखी देते आहे. निदान हे तरी तुमचं किचन ज्याला ठाऊक आहे अशा माणसाच्या हातात पडावं.

आम्ही सगळ्या मैत्रिणी मिळून तुमच्याकडे जेवायला आलो होतो. आमच्यातल्या एकीला सीलिॲक आजार आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं ग्लुटेन हे प्रथिन तिला चालत नाही. टेबल बुक करताना सूचनेच्या रकान्यात मी तसं स्पष्ट लिहिलं होतं : गहू, बार्ली, राय यांतलं काहीही चालत नाही, कणभरही नाही. 'तुमची सूचना किचनला कळवली आहे' असा तुमचा मेसेजही आला. तो माझ्याकडे जपून ठेवलेला आहे.

तुमचंच हॉटेल का निवडलं, तेही सांगते. ही मैत्रीण कित्येक वर्षं आमच्याबरोबर बाहेर जेवायची म्हणजे घरून खाऊन यायची आणि आमच्यासोबत पाण्याचा ग्लास घेऊन बसायची. भूमध्य समुद्राकाठच्या जेवणात तिला चालतील असे पदार्थ मुळातच पुष्कळ आहेत. हुमुसमध्ये काबुली चणे, तिळाचं ताहिनी, लिंबू, लसूण. बाबा गनूशमध्ये भाजलेलं वांगं. दही-काकडीचं त्झात्झिकी, ऑलिव्ह, निखाऱ्यावर भाजलेले मासे, भात भरलेली द्राक्षाची पानं. यांतल्या कशातच गहू असायचं कारण नाही. तुमच्या कार्डावर तर अशा पदार्थांपुढे ते हिरवं चिन्ह छापलेलं आहे. कार्ड हातात घेतल्यावर तिचा चेहरा खुलला होता. टेबलावर मधोमध ठेवलेल्या, सगळ्यांच्या वाटच्या पदार्थांत आपणही हात घालू शकतो, याचा तिला आनंद झाला होता. तो तुम्ही घालवलात आणि हे मी तुम्हाला माफ करणार नाही.

पहिली गडबड हुमुसची. तिच्यासाठी वेगळी वाटी द्या, त्या वाटीला पिता, म्हणजे गव्हाचा चपटा ब्रेड, लावू नका, हे वेटरला दोनदा सांगितलं. वाटी आली ती कडेला पिताचे त्रिकोण खोचूनच. आम्ही परत पाठवली. थोड्या वेळानं आली ती तीच वाटी! पिता उपसून काढला होता, पण हुमुसमध्ये त्याच्या खाचा तशाच होत्या आणि वर शिंपडलेलं तेल त्या खाचांत उतरलं होतं. तुमच्या किचनमध्ये कुणालाच वाटलं नाही का, की हे समोरच्याला दिसेल? मैत्रीण म्हणाली, जाऊ दे, मी तबुले घेते, त्याच्यापुढे चिन्ह आहे.

तरीही तिनं विचारलंच. विचारल्याशिवाय ती काही तोंडात घालत नाही. वेटरचं उत्तर होतं, "सॅलड आहे मॅडम, सॅलडमध्ये ग्लुटेन कुठून येणार?"

तुम्ही तबुले विकता, म्हणजे ते कशाचं करतात हे तुम्हाला मी शिकवायला नको. पार्सली, पुदिना, टोमॅटो, कांदा, लिंबू, ऑलिव्ह तेल आणि बल्गर. बल्गर हा गहूच. उकडून, वाळवून भरडलेला गहू. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी किन्वा घालून तबुले करणारे आचारी आहेत. तुमच्याकडे तसं असेल म्हणूनच चिन्ह लावलं असेल, असं आम्ही धरून चाललो. तिनं दोन-तीन चमचे खाल्ले. मग शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं, जी हे घरी करते, चमच्यातला दाणा बोटावर घेऊन पाहिला आणि तिच्या हातातली प्लेट काढून घेतली.

वेटर किचनमध्ये जाऊन आला आणि म्हणाला, "शेफनी सांगितलंय, बल्गर आहे, गहू नाहीये." हे वाक्य तुमच्या शेफचं आहे. वेटर बिचारा निरोप घेऊन आला होता, त्याच्यावर माझा राग नाही. ज्यांनी त्याला काही न शिकवता टेबलावर उभं केलं त्यांच्यावर आहे.

मग आम्ही फलाफलचं विचारलं. त्यापुढेही तेच चिन्ह. कबूल, फलाफल चण्यांचं असतं. इजिप्तमध्ये ते सुक्या फावा बीन्सचं करतात. दोन्हींत गहू नाही. पण तुम्ही ते तळता कुठे? ज्या फ्रायरमध्ये किब्बे, म्हणजे खिमा भरलेले गोळे, तळता त्यातच. किब्बेचं बाहेरचं कवच बल्गरचं असतं. ब्रेडचा चुरा लावलेलं चीजही त्याच तेलात पडतं, हे तुमच्या मॅनेजरनी स्वतः सांगितलं, आणि वर म्हणाले, "तेल इतकं गरम असतं की सगळं जळून जातं." ग्लुटेन म्हणजे काही जंतू नव्हेत की तापलं की मेले. ते गव्हातलं प्रथिन आहे. तळल्यानं ते नाहीसं होत नाही, त्याचा चुरा तेलात राहतो आणि पुढच्या घाण्याला चिकटतो. एकच फ्रायर असेल तर फलाफलपुढे ते चिन्ह लावता येत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे.

'कणभरही नाही' हे मी उगाच लिहिलं नव्हतं. अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत, कोडेक्समध्ये, ग्लुटेनमुक्त म्हणवण्याची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघ आणि अमेरिकाही वीसच्याच आकड्यावर आहेत. बल्गर घातलेल्या सॅलडाचा या मर्यादेशी संबंधच पोचत नाही. सीलिॲक ही नावडही नाही आणि डाएटही नाही. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आतल्या अस्तराची झीज होते, अन्नातलं लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर टाळणं हा एकच उपाय आहे. जगात साधारण शंभरातल्या एका माणसाला हा आजार असतो. म्हणजे भरलेल्या रात्री तुमच्या हॉटेलात असं कुणी ना कुणी बसलेलं असण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि ते माणूस त्या हिरव्या चिन्हावर विश्वास टाकून ऑर्डर देतं आहे.

त्या रात्री ती उलट्यांनी बेजार झाली. पुढचे कित्येक दिवस पोटदुखी आणि अंगात त्राण नाही अशी होती. कामावर जाता आलं नाही.

आता तुमच्या ग्राहकसेवेबद्दल. याआधीच्या फोनवर 'वरिष्ठांशी बोलून कळवतो' इतकंच मिळत होतं. आज वरिष्ठ मिळाले. त्यांचं बोलणं मी शब्द न शब्द लिहून घेतलं आहे, कारण पुढे कुणी 'असं कुणी बोललंच नाही' म्हणू नये.

त्यांनी आधी विचारलं, "तुमच्या मैत्रिणीनं किती चमचे खाल्ले?"
मी म्हटलं, दोन-तीन.
"म्हणजे पूर्ण प्लेट नाही खाल्ली."
नाही. पूर्ण खाल्ली असती तर तिला दवाखान्यात न्यावं लागलं असतं.
"मॅडम, ते चिन्ह ज्यांना ग्लुटेन कमी खायला आवडतं त्यांच्या सोयीसाठी आहे. वैद्यकीय हमी नाही."
मग हे कार्डावर का लिहिलेलं नाही?
"आजारी व्यक्तीनं काळजी घ्यायला हवी ना."
तिनं विचारलं होतं. बुकिंगमध्ये लिहिलं होतं. वेटरला विचारलं होतं. अजून काय करायला हवं होतं?
यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "इतका त्रास होत असेल तर बाहेरचं खाणं टाळावं."

हे वाक्य तुम्ही पुन्हा एकदा वाचा. हॉटेल चालवणाऱ्या कंपनीचा वरिष्ठ अधिकारी ग्राहकाला सांगतो की तुम्ही बाहेर खाऊ नका. आजारी असलेल्या माणसानं मित्रमैत्रिणींत बसून जेवू नये, घरात बसावं, असं तुमच्या कंपनीचं मत आहे का? असेल तर ते दारावर लिहा. मेन्यूकार्डावर हिरवं चिन्ह छापून माणसांना आत बोलावता आणि मग टाळावं म्हणता, हे कोणत्या तोंडानं?

मी म्हटलं, मला हे लेखी हवं आहे. त्यावर आवाज एकदम गोड झाला. "मॅडम, झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही तुम्हाला एक कूपन देतो. पुढच्या भेटीत तुमच्या मैत्रिणीला बकलावा मोफत."

बकलावा. गव्हाच्या मैद्याच्या पातळ फिलो पाऱ्या एकावर एक रचून केलेला पदार्थ. गव्हानं आजारी पडलेल्या बाईला तुम्ही भरपाई म्हणून गहूच देऊ केलात. मी त्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "मग कूपन तुम्ही वापरा." इतकं सगळं ऐकून झाल्यावरही त्या माणसाच्या डोक्यात काहीही शिरलेलं नव्हतं. मी फोन ठेवला.

मला कूपन नको, जेवणही फुकट नको. तबुलेत बल्गर आणि कार्डावर ग्लुटेनमुक्त, ही एकच गोष्ट मी वेटरपासून वरिष्ठांपर्यंत प्रत्येकाला सांगत आले आहे आणि प्रत्येकानं तिला बगल दिली आहे. म्हणून पुन्हा लिहिते : तुमच्या तबुलेत गहू आहे आणि कार्ड म्हणतं तो नाही. ते कार्ड आज रात्रीही टेबलांवर असेल.

तबुले आणि फलाफल यांच्यापुढचं चिन्ह ताबडतोब काढा. नवीन कार्ड छापून येईपर्यंत थांबू नका, पेनानं खोडा. बाकीच्या ज्या ज्या पदार्थांना चिन्ह आहे, त्यांत काय पडतं आणि ते कोणत्या भांड्यात, कोणत्या तेलात होतात, हे तुमच्या शेफकडून तपासून घ्या. कुसकुस आणि फ्रीके हेही गहूच आहेत, हेही एकदा त्यांच्याकडून वदवून घ्या. फलाफलसाठी वेगळा फ्रायर ठेवणं जमत नसेल तर कार्डावर तसं स्वच्छ लिहा. तेवढं वाचून आमची मैत्रीण फलाफल घेणार नाही, भाजलेला मासा घेईल आणि सुखानं जेवेल. खरं सांगितलं तर अशी माणसं तुम्हाला सोडून जात नाहीत, उलट ज्या जागी नीट खायला मिळतं तिथे ती वर्षानुवर्षं जातात आणि सोबत सगळा गोतावळा नेतात. आम्हीही आलो असतो. हुमुस तुमचं छान आहे, हे आमच्यातल्या इतर सगळ्याजणी आजही म्हणतात, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

माझ्या मैत्रिणीची माफी मागा. माझी नको, तिची. लेखी मागा आणि त्यात 'गैरसोय' हा शब्द वापरू नका. ती आजारी पडली होती.

मेन्यूकार्डाचे फोटो, बिल, बुकिंगचा मेसेज आणि आजच्या बोलण्याची टिपणं माझ्यापाशी आहेत. आठवड्याभरात लेखी उत्तर आलं नाही, किंवा आठवड्यानंतरही ते चिन्ह कार्डावर दिसलं, तर हे सगळं अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांकडे जाईल. सीलिॲक रुग्णांच्या गटांमध्येही मी तुमचं नाव घेऊन लिहीन. ही माणसं कुठे खाल्लं, काय झालं, हे एकमेकांना लगेच कळवतात.

उत्तर फोनवर नको.

आपली,
त्या टेबलाचं बुकिंग करणारी ग्राहक

ता. क. : हे पत्र पाठवता पाठवता बकलावाचं कूपन मेसेजनं आलं. किमान चार जण आलात तरच चालेल, अशी त्यावर अट आहे. ते रद्द करा.